वृषण न उतरलेल्या बाळाची शस्त्रक्रिया : पुण्यातील एका बालशस्त्रक्रिया विभागाचा अनुभव

हे परीक्षण पुण्यातील एका धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयात चालणाऱ्या बालशस्त्रक्रिया विभागाचे आहे. माझ्या मुलाचे उजवे वृषण जन्मापासून अंडकोशाच्या पिशवीत उतरलेले नव्हते. तो साधारण वर्षाचा असताना या विभागात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या तपासण्याही तिथेच झाल्या. पुढे काही तक्रारी मांडायच्या असल्यामुळे रुग्णालयाचे नाव घेत नाही. तरीही हा दोष असलेल्या मुलासाठी रुग्णालय शोधणाऱ्या पालकांना काय पाहावे आणि काय विचारावे, हे यातून कळेल असे वाटते. माझे मत आधीच नोंदवते : या विभागाने जे केले ते उत्तमच होते, पण जे करायचे टाळले त्यासाठी मी त्याला अधिक गुण देते.

दोषाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय सेवेची पारख करता येणार नाही. वृषण गर्भात पोटाच्या मागच्या बाजूला, मूत्रपिंडाजवळ तयार होते आणि साधारण सातव्या महिन्यानंतर जांघेच्या वाटेने खाली पिशवीत उतरते. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे तीन-चार मुलांत हा प्रवास जन्माच्या वेळी अपुरा राहिलेला असतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत जाते. त्यांपैकी बऱ्याच जणांचे वृषण पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरते आणि वर्षाच्या आसपास शंभरात एखाद्याच मुलात दोष उरतो. सहा महिने उलटल्यावर मात्र ते आपोआप उतरण्याची आशा फारशी राहत नाही. (मूल अपुऱ्या दिवसांचे असेल तर हे सहा महिने जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजतात.) आमच्याकडे मालिश करायला येणाऱ्या मावशींच्या हाताला हे सर्वांत आधी जाणवले होते. तेल लावून जिरवले की गोटी खाली येईल, असा त्यांचा विश्वास होता. मालिशने बाळाला झोप छान लागत असे. वृषण मात्र जांघेतच राहिले.

मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत थांबा, हा सल्ला आजही कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांकडून आणि काही जुन्या डॉक्टरांकडूनही मिळतो. तो अगदीच निराधार होता असे नाही, कारण एके काळी वैद्यकीय शिक्षणातही तेच शिकवले जात असे. पुढे असे लक्षात आले की पोटातले आणि जांघेतले तापमान पिशवीतल्यापेक्षा दोन ते चार अंशांनी जास्त असते आणि त्या उष्णतेत पुढे शुक्रजंतू निर्माण करणाऱ्या पेशींची हानी पहिल्या वर्षापासूनच सुरू होते. म्हणून आता सहा महिन्यांनंतर मुलाला बालशल्यचिकित्सकाकडे पाठवावे आणि अठरा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया उरकावी, असे युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञ संघटना सांगतात व आपल्याकडचे बालशल्यचिकित्सकही तसेच वागतात. या विभागात आम्हाला तारीख मिळायला वेळ लागला नाही, याचे कारण हेच होते. वर्षाच्या आसपासच्या मुलांची नावे यादीत वर ठेवण्याची तिथली पद्धत आहे आणि ती स्वागत खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनाही ठाऊक आहे.

बाह्यरुग्ण विभागातली पहिली तपासणी मला या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग वाटते. बाहेर गर्दी असते, बाकडी अपुरी पडतात, नंबर पुकारणाऱ्या कर्मचाऱ्याचा आवाज दाराच्या आवाजात बुडतो. पण आत गेल्यावर कोणालाच घाई नसते. "आई, बाळाला मांडीवरच राहू दे, टेबलावर नको," असे सांगून सर्जनबाईंनी आधी त्याच्याशी थोडा खेळ केला, हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि बोटांना थोडे जेल लावले. थंड हात लागला की वृषणाला वर ओढणारा स्नायू आखडतो आणि खाली असलेले वृषणही वर खेचले जाते, हे त्यांनी हात चोळता चोळताच सांगितले. मग कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून जांघेकडे, एका हाताची बोटे सपाट ठेवून, त्यांनी हळूहळू निरपत आणले. दुसरा हात पिशवीच्या तोंडाशी वाट पाहत होता. एका क्षणी त्वचेखाली वाटाण्याएवढे काहीतरी बोटांपुढे सरकले. ते पिशवीच्या तोंडापर्यंत आले, तिथे त्यांनी ते जरा वेळ धरून ठेवले आणि सोडताच ते पुन्हा वर गेले. माझे बोट धरून त्यांनी तो उंचवटा मलाही जाणवून दिला. आधीच्या दोन ठिकाणी इतका वेळ कोणीही दिला नव्हता.

त्या एका हालचालीवर पुढचे सगळे अवलंबून असते. पिशवीत आणून स्नायूला थोडा वेळ थकवल्यावर वृषण तिथेच राहिले, तर ते 'वर-खाली होणारे' वृषण असते आणि त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. फक्त वर्षातून एकदा तपासत राहावे लागते, कारण अशांपैकी काही मुलांत ते पुढे खरोखरच वर अडकू शकते. आमच्या आधी आत गेलेल्या एका चार वर्षांच्या मुलाचे असेच निघाले. दुसरीकडे शस्त्रक्रियेची तारीख घेऊन केवळ दुसरे मत विचारायला ते कुटुंब आले होते. त्या मुलाला मांडी घालून बसवून, मग उकिडवे बसवून तपासले, दोन्ही वृषणे खाली असल्याचे आजोबांना दाखवले आणि वर्षाने या म्हणून घरी पाठवले. आजोबांनी, "मग औषध तरी लिहून द्या," असा आग्रह धरला, तेव्हा केसपेपरवर "औषधाची गरज नाही" असे मराठीत लिहून मिळाले. खासगी व्यवहारात हे वाक्य किती दुर्मीळ आहे, ते सांगायला नको.

आमच्याकडे आधीच केलेल्या सोनोग्राफीचा अहवाल होता. त्यात उजवे वृषण "दिसत नाही" असे म्हटले होते आणि त्या एका ओळीने घरात काय काहूर माजले होते, त्याचे वर्णन इथे करत नाही. विभागातल्या डॉक्टरांनी अहवाल वाचला, तारीख टिपून घेतली आणि बाजूला ठेवला. पुन्हा सोनोग्राफी सांगितली नाही, सीटी किंवा एमआरआयचा तर विषयच निघाला नाही. त्यांचे म्हणणे असे होते की जे हाताला लागते त्यासाठी सोनोग्राफी लागत नाही आणि जे हाताला लागत नाही ते सोनोग्राफीत खात्रीने सापडत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, हाताला न लागणारे वृषण शोधण्यात सोनोग्राफीची संवेदनशीलता केवळ 45 टक्के निघाली होती. म्हणजे असलेल्या वृषणांपैकी निम्म्याहून अधिक तिच्या नजरेतून सुटतात. अमेरिकेतील मूत्रशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत तर तज्ज्ञाकडे पाठवण्यापूर्वी अशा प्रतिमा-तपासण्या करूच नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही आपल्याकडे पहिली चिठ्ठी सोनोग्राफीचीच मिळते. तिचा खर्च तर होतोच, पण "दिसत नाही" म्हणजे "नाहीच" असे समजून हातपाय गाळणारे पालक मी त्या बाकड्यांवर पाहिले. हार्मोनच्या इंजेक्शनांचेही तसेच आहे. त्यांचा उपयोग फार थोड्या मुलांत होतो आणि त्यातही वर-खाली होणाऱ्या वृषणांची भर असते. या विभागात ती दिली जात नाहीत.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या मोजक्याच होत्या. हिमोग्लोबिन आणि एक-दोन रक्ततपासण्या झाल्या आणि भूलतज्ज्ञांनी स्वतः छाती तपासली. पहिल्या तारखेला मुलाला सर्दी होती. नाक वाहत होते, पण ताप नव्हता. आम्ही गावाहून निघून आलो होतो, रजा टाकली होती, आणि तरीही भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. सर्दी झालेल्या लहान मुलाची श्वासनलिका भुलीत अधिक चिडते आणि ही शस्त्रक्रिया काही आठवड्यांनी केल्याने काहीच बिघडत नाही, असे त्यांनी समजावले. त्या दिवशी आम्ही नाराज होतो. आज या परीक्षणात तो निर्णय मी विभागाच्या जमेच्या बाजूला लिहिते.

उपाशी ठेवण्याच्या बाबतीत मात्र मोठी कसूर झाली. लहान मुलांसाठीचा सर्वमान्य नियम असा आहे की भुलीआधी सहा तास जेवण किंवा वरचे दूध नको, चार तास आईचे दूध नको, आणि साधे पाणी मात्र अगदी दोन तास आधीपर्यंत चालते. आम्हाला फोनवर मिळालेली सूचना एवढीच होती की "रात्री बारानंतर काहीही देऊ नका". मोठ्या माणसांसाठी ठरवलेले हे वाक्य वर्षाच्या अंगावर पिणाऱ्या बाळालाही जसेच्या तसे लावण्यात आले होते. त्यातच सकाळी एक तातडीचा रुग्ण आला, यादी पुढे सरकली आणि बाळ रडून रडून थकले. वॉर्डातल्या सिस्टरला पाण्याचे विचारले तर त्या "वरून ऑर्डर नाही" म्हणाल्या. शेवटी भूलतज्ज्ञ फेरीला आले तेव्हा त्यांनीच चमच्याने पाणी द्यायला सांगितले. म्हणजे ज्ञान विभागात होते, पण ते फोन करणाऱ्या आणि वॉर्ड सांभाळणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचलेले नव्हते. या सेवेतला माझ्या मते सर्वांत गंभीर दोष हाच होता, आणि एका छापील कागदाने तो दूर होण्यासारखा आहे.

शस्त्रक्रियेला न्यायच्या आधी सर्जनबाईंनी उजव्या मांडीवर पेनने बाण काढला आणि तो आम्हाला दाखवून, "हीच बाजू ना?" असे विचारले. ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा विचारण्याच्या या शिस्तीने मला फार धीर आला. शस्त्रक्रिया कशी होणार ते त्यांनी आदल्या भेटीत केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवले होते. जांघेतल्या त्वचेच्या घडीत दोन-तीन सेंटिमीटरची चीर घेतात, म्हणजे पुढे व्रण घडीतच लपतो. वृषणाला पोटाशी जोडणाऱ्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी यांच्याभोवतीचे स्नायूंचे तंतू एकेक करून सोडवतात. वृषणाबरोबर बहुतेक वेळा पोटाच्या आतल्या आवरणाचा एक पदरही खाली आलेला असतो, म्हणजे हर्नियाची पिशवीच. ती वेगळी करून वर बांधून टाकतात. या सगळ्याने जी लांबी मोकळी होते, तिच्या जोरावर वृषण ताण न येता खाली पोहोचते. मग अंडकोशाच्या त्वचेखाली एक छोटा कप्पा करून त्यात ते बसवतात. वृषण खाली आणण्यासाठी ताण द्यावा लागत असेल तर त्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, म्हणून कौशल्य शिवण्यात नसून सोडवण्यात आहे, असे त्या म्हणाल्या. वाढलेल्या रोपाची मुळे मातीतून मोकळी करताना माळी जसा हात आखडता घेतो, तसे हे काम असावे. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे टॉमस अॅनन्डेल यांनी 1877 मध्ये अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली, तेव्हा जंतुनाशक पद्धतीने शस्त्रक्रिया करणे ही अजून नवलाईची गोष्ट होती. आज तीच शस्त्रक्रिया तासाभरात होते आणि मूल संध्याकाळी घरी जाते.

पूर्ण भुलीबरोबर कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वरच्या बाजूला, एक बधिरतेचे इंजेक्शन दिले जाते. त्यामुळे जाग आल्यावरही कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो. आमचे बाळ शुद्धीवर आले ते भुकेने रडत आले, वेदनेने नव्हे, आणि अंगावर घेताच शांत झाले. पाय थोडे लुळे वाटत होते. ते तसे वाटतील हे आधीच सांगून ठेवल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. शुद्धीवर येण्याच्या खोलीत आईला लगेच आत घेतात, हेही आवर्जून नोंदवण्यासारखे आहे, कारण बऱ्याच ठिकाणी पालकांना दाराबाहेरच उभे करतात.

आमच्या मुलाचे वृषण हाताला लागत होते, त्यामुळे प्रकरण सोपे होते. सुमारे वीस टक्के मुलांत ते लागतच नाही आणि विभागाची खरी कसोटी तिथे लागते. शेजारच्या खाटेवर असेच एक मूल होते. त्याच्या आईने सांगितले त्यावरून आणि पुढे मी डॉक्टरांना विचारले त्यावरून कळले ते असे. भूल दिल्यावर आधी पुन्हा एकदा हाताने तपासतात, कारण स्नायू सैल पडल्यावर काही वृषणे आपोआप बोटाखाली येतात. तसे झाले तर दुर्बीण लागतच नाही. नाही लागले तर बेंबीतून दुर्बीण घालून पोटात पाहतात. कधी रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी मध्येच संपलेल्या दिसतात. याचा अर्थ वृषण गर्भातच पीळ पडून नाहीसे झालेले असते, आणि शोध तिथे थांबवता येतो. कधी वृषण पोटातच, पण जांघेच्या आतल्या तोंडाजवळ असते आणि त्याच बैठकीत खाली आणता येते. कधी ते इतके वर असते की रक्तवाहिन्यांची लांबीच पुरत नाही. अशा वेळी मुख्य रक्तवाहिन्या बांधून वृषणाला शुक्रवाहिनीबरोबर येणाऱ्या बारीक वाहिन्यांवर जगू द्यायचे, अशी युक्ती मेलबर्नच्या फाउलर आणि स्टीफन्स यांनी 1959 मध्ये मांडली. आता ती बहुधा दोन टप्प्यांत करतात : आधी वाहिन्या बांधायच्या, सुमारे सहा महिने थांबून पर्यायी रक्तपुरवठा वाढू द्यायचा आणि मग वृषण खाली आणायचे. शेजारचे मूल दुसऱ्या टप्प्यासाठी आले होते. अशा मुलांत वृषण सुकण्याचा धोका जांघेतल्या वृषणाहून बराच अधिक असतो, हे त्या आईला पहिल्या टप्प्याआधीच आकड्यांसह सांगण्यात आले होते आणि तिने ते मला न अडखळता सांगितले. विभाग पालकांशी नीट बोलतो, याचा याहून चांगला पुरावा मला दुसरा देता येणार नाही.

तोंडी बोलणे जितके स्वच्छ, तितकेच कागदावरचे काम गबाळे. संमतिपत्र इंग्रजीत होते, बारीक अक्षरात होते आणि ते सही करण्यासाठी समोर आले तेव्हा मूल आत नेण्याची घाई चालली होती. मराठीतला नमुना मागितल्यावर "आहे, पण छापून संपला आहे" असे उत्तर मिळाले. ज्या विभागात निम्म्याहून अधिक पालक सातारा, अहिल्यानगर, सोलापूरकडून येतात, तिथे हे चालू नये.

संततीची आणि कर्करोगाची भीती प्रत्येक पालकाच्या मनात असते आणि ती विचारायला संकोच वाटतो, विशेषतः सासू-सासरे सोबत असताना. इथे डॉक्टरांनीच विषय काढला. एकाच बाजूचा दोष असेल आणि वेळेत उपचार झाला असेल, तर पुढे बाप होण्याची शक्यता इतर पुरुषांहून फारशी कमी नसते. दोन्ही बाजूंचा दोष असेल तर मात्र ती ठळकपणे घटते. कर्करोगाबाबत त्यांनी स्वीडनमधील 2007 च्या एका मोठ्या अभ्यासाचा दाखला दिला. त्यात वयाच्या तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे सव्वादोन पट, तर त्यानंतर झालेल्यांत पाच पटींहून अधिक आढळला होता. दुप्पट हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो, पण भारतात हा कर्करोग एक लाख पुरुषांत वर्षाला एकालाही होत नाही, हे त्यांनी त्याच दमात सांगितले. शस्त्रक्रियेने धोका शून्य होत नाही. वृषण हाताशी येते, म्हणून काही झाले तर ते लवकर लक्षात येते. ही दुसरी बाजू मला आधी कोणी सांगितली नव्हती.

घरी आल्यानंतरचे दिवस सोपे गेले. वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम या हिशेबाने पॅरासिटामॉलचे औषध होते, टाके विरघळणारे होते, डायपरला हरकत नव्हती आणि दोन दिवसांनी अंघोळ घालायची होती. पिशवी सुजून जांभळी दिसते, ते पाहून सासूबाई घाबरल्या. आठवड्याभरात ती सूज उतरत गेली. कडेवर घेताना पाय फाकवून कमरेला टेकवायचे नाहीत आणि काही आठवडे तीनचाकी सायकल किंवा लाकडी घोड्यावर बसवायचे नाही, एवढीच पथ्ये होती. रात्री वॉर्डाच्या क्रमांकावर फोन केला तर निवासी डॉक्टर खरोखर फोन उचलतात.

खर्चाचा आकडा देत नाही, कारण खोलीच्या वर्गाप्रमाणे तो बराच बदलतो. अंदाजपत्रकात लिहिले होते त्यापेक्षा अंतिम बिल फार पुढे गेले नाही आणि जे वाढले ते औषधांचे होते. विम्याने मात्र आमचा घाम काढला. आरोग्य विम्याच्या नियमांत जन्मजात दोषाचे दोन प्रकार आहेत : शरीराच्या दिसणाऱ्या व सहज हाती लागणाऱ्या भागातला तो बाह्य आणि तसा नसलेला तो आंतरिक. बाह्य दोषाचा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. दाव्याची छाननी करणाऱ्यांनी अंडकोश हा अवयव बाहेर दिसतो म्हणून दावा अडवला. वृषण अंडकोशात नव्हते, हाच तर आजार होता, असे सर्जनबाईंनी लेटरहेडवर लिहून दिल्यावर तो मंजूर झाला. हे पत्र शस्त्रक्रियेआधीच मागून ठेवावे. विमा नसलेल्या कुटुंबांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बालशस्त्रक्रियेची पॅकेजे आहेत; या रुग्णालयात योजनेचा वेगळा कक्ष असून तिथले आरोग्यमित्र कागदपत्रांची यादी व्यवस्थित समजावतात. शिवाय 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. पथकातल्या डॉक्टरांना हा दोष दाखवला तर ते पुढची चिठ्ठी देतात.

पाठपुराव्याला मी मध्यम गुण देईन. आठवड्याभराने जखम पाहिली गेली आणि सहा महिन्यांनी वृषणाची जागा व आकार तपासला गेला. ते खालीच आहे, हाताला भरीव लागते आणि डाव्याहून किंचित लहान आहे. हा फरक पुढे काही अंशी भरून निघू शकतो, असे सांगण्यात आले. पण सहा महिन्यांच्या तपासणीची आठवण करून देणारा फोन वा संदेश आला नाही आणि डिस्चार्ज कार्डावर त्या तपासणीचा उल्लेखही नव्हता. वयात आल्यावर मुलाने महिन्यातून एकदा स्वतः तपासायला शिकावे, ही सर्वांत दूरवर लागू पडणारी सूचना तर केवळ तोंडी मिळाली. पंधरा वर्षांनी उपयोगी पडायची गोष्ट आईबापांच्या स्मरणशक्तीवर सोपवणे योग्य नव्हे. कार्डावर दोन ओळी वाढवणे कठीण नाही.

पाचपैकी चार गुण. जांघेत किंवा पिशवीच्या तोंडाशी हाताला लागणाऱ्या वृषणासाठी, आणि दुर्बिणीची गरज पडेल अशा मुलांसाठीही, मी या विभागाची शिफारस निःसंकोच करीन. एक अपवाद आहे. नवजात बाळाची दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील, तर बाह्यरुग्ण विभागाच्या तारखेची वाट पाहू नये, कारण अशा बाळांपैकी काहींत अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल) ग्रंथीचा जन्मजात विकार असू शकतो आणि पहिल्या काही आठवड्यांतच शरीरातले क्षार घटून जीवावर बेतू शकते. तिथे रक्तातली हार्मोने आणि गुणसूत्रे तपासणारी, लहान मुलांचे हार्मोनतज्ज्ञ असलेली जागा लगेच गाठावी. या रुग्णालयात ते तज्ज्ञ आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री पुण्यातच मुक्काम करावा, पाण्याची वेळ भूलतज्ज्ञांकडून स्वतः लिहून घ्यावी आणि यादीत आपल्या बाळाचा क्रमांक कितवा आहे ते सकाळी विचारावे.